स्वागतद्वार की दवाखाना

३ ऑक्टोबर १९९६, गुरुवार

आज बोर्डाची बैठक झाली आणि मी पुन्हा एकदा एकटीच बोलले. हरनपूर नगरपालिकेत पंधरा सभासद. त्यात आम्ही सहा बायका, कारण नव्या कायद्याने तेवढ्या जागा राखीव झाल्या. बाकीच्या पाच जणी छातीपर्यंत घूंघट ओढून भिंतीलगतच्या बाकावर बसतात आणि त्यांच्या खुर्च्यांवर त्यांचे नवरे बसतात. ठरावाच्या वेळी हात नवरे वर करतात, समोसे नवरे खातात आणि बाहेर पाटीवर नाव मात्र बायकोचं असतं.

मी नवीन सेक्टरातून निवडून आले. गाझियाबाद जिल्ह्यातलं हे गाव दहा वर्षांत दिल्लीला येऊन चिकटलं, मग आमच्यासारखे नोकरदार आले. सुधाकरच्या कारखान्यामुळे आम्ही नवराबायको सांगलीहून इथे. राखीव जागेसाठी सेक्टरात कुणी बाई मिळेना, आणि मी पाण्याच्या टँकरवाल्याशी भर चौकात भांडले होते, तेवढ्यावर लोकांनी मला उभं केलं. सह्या करण्यापुरती बाई मिळाली असं त्यांना वाटलं असावं. आता पस्तावत असतील.

तर आजचा विषय. गावात तापाची साथ आहे. डेंग्यू म्हणतात. दिल्लीत माणसं मरताहेत आणि आपल्याकडेही जुन्या गावठाणात दोघं गेली. पंचवीस तारखेला पुरवणी अंदाजपत्रक मंजूर व्हायचं आहे आणि त्यात सगळ्यात मोठी रक्कम आहे दिल्ली रस्त्यावरच्या स्वागतद्वाराला. पुढे कारंजं. चेअरमन महेंद्रसिंह म्हणाले, परदेशी कंपन्या येणार, शहराचं तोंड चांगलं दिसायला हवं. मी म्हटलं, तोंडाला ताप आलाय. पालिकेचा बंद पडलेला दवाखाना उघडा, वीस खाटा टाका, त्यांना मच्छरदाण्या लावा, डॉक्टर नेमा, गटारांवर फवारणी करा. पैसे द्वाराचे घ्या.

सगळे हसले. तरी एक गोष्ट मी मिळवलीच. मुख्याधिकारी (इथे त्यांना भलतंच लांब नाव आहे, मी आपली सवयीने मुख्याधिकारीच लिहिते) गोरखपूरकडचे, नवे आणि भित्रे आहेत. नियमांचं पुस्तक त्यांच्यासमोर आपटून मी लिहून घेतलं, की पंचवीस तारखेला फक्त सभासदाचा स्वतःचा हात मोजला जाईल. नवऱ्याचा नाही. चेअरमन म्हणाले, "ठीक है मैडम, बहुएँ ही उठा देंगी।" त्यांना काही फरक पडलेला दिसला नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

पत्रक छापून आणलं आणि सेक्टरात घरोघर वाटलं. अचानक चढणारा ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर आणि सांधे धरणं, ताप उतरल्यावरही अंगावर लाल पुरळ किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर ताबडतोब इस्पितळ. हे मी एवढ्या वेळा म्हटलंय की आता मला पाठ आहे.

पत्रकाचं हिंदी मैत्रेयीने तपासलं. दहा वर्षांची पोर मला म्हणते, "आई, तुझी हिंदी बिल्कुल फनी आहे." मी विचारलं, मच्छरला मराठीत काय म्हणतात? तिने बराच विचार केला आणि म्हणाली, छोटी माशी. घ्या. मराठी माणसाचं पोर आणि त्याला डास माहीत नाही.

सुधाकरने कारखान्यातून येऊन दोन्ही कूलर उपसले आणि जेवायला बसला. या माणसाला कशाचा राग म्हणून येत नाही. मी एवढी पेटलेली असते आणि हा विचारतो, आमटीत गूळ टाकलास का?

१२ ऑक्टोबर, शनिवार

आठ मतं हवीत. नवीन सेक्टरांतले तीन पुरुष सभासद माझ्या बाजूने आहेत. म्हणजे बाकावरच्या पाचांपैकी निदान चौघी फुटल्या पाहिजेत. त्यासाठी आज गावठाणात संतोषच्या घरी गेले. निवडणुकीच्या यादीत संतोष हे नाव वाचून मी तिला पुरुष समजले होते. इकडे ते बायकांचं नाव असतं. तिचा नवरा धरमवीर हा चेअरमनचा चुलतभाऊ, त्यामुळे चेअरमन तिचे मोठे दीर, इकडच्या भाषेत जेठ, लागतात. बाकीच्या चौघीही भावकीतल्याच सुना.

घरात ती घूंघट न घेता होती. तिशीची, ठसठशीत चेहऱ्याची. मी लोकशाहीबद्दल बोलत होते आणि ती मध्येच विचारत होती, दवाखान्यात रात्रीला बाई असेल का? नाहीतर सुना येणार नाहीत. द्वाराच्या ठेकेदाराला काम सुरू करायचं पत्र गेलंय का? मुख्याधिकाऱ्यांची बदली होण्याआधी ठराव लिहून होईल का? मला वाटलं, हिला मोठा मुद्दा काही कळत नाही, बारीकसारीक गोष्टींतच अडकली आहे. तरी उत्तरं दिली. तिच्या शेजारची नवी सून परवा तापाने गेली, हेही तिने तेवढ्याच सपाट आवाजात सांगितलं.

तेवढ्यात अंगणात कुणीतरी मुद्दाम खाकरलं. चेअरमन. संतोषने क्षणात तोंड झाकलं आणि पाठ केली. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि गोठ्यातल्या म्हशीकडे बघत बोलले, "बहू से कह दो, धरमवीर आए तो भेज दे।" कुणी सांगायचं? म्हशीने? मोठा दीर सुनेशी बोलत नाही, तिच्याकडे बघत नाही, ती त्यांच्यासमोर बोलत नाही. एवढंच नाही, त्यांच्यासमोर नवराही बायकोशी बोलत नाही की तिला हात लावत नाही. बेशरमपणा समजतात, असं ते गेल्यावर संतोषने सांगितलं. ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. या पडद्यातून यांना बाहेर काढल्याशिवाय अंदाजपत्रक पास होणार नाही, हे मला आज पक्कं कळलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

नवऱ्यांना वगळून पाचही जणींना गाठायची मी झकास युक्ती काढली. भोंडला ठेवला. नवरात्रात बायकाबायकांनीच जमायचं, पुरुषांना मज्जाव. पाटावर रांगोळीचा हत्ती काढला, सेक्टरातल्या दोन मराठी घरांतल्या मुली बोलावल्या, फेर धरला. पाचही जणी आल्या. नवरे फाटकापर्यंत सोडायला आले आणि स्कूटरवर ताटकळत बसले. मला काय आनंद झाला.

खिरापत झाकून ठेवली होती. ओळखा म्हटल्यावर संतोषने घूंघटाच्या आडूनच नाकाने ओळखली, साबूदाना. त्यांचे नऊ दिवसांचे उपास असतात म्हणून मी मुद्दाम खिचडी केली होती. बशा हातात दिल्या आणि मग बोलायला उभी राहिले. म्हटलं, तोंड झाकून मत देता येत नाही. पंचवीस तारखेला घूंघट काढून बसा, चेअरमनच्या डोळ्याला डोळा भिडवा, जग बदलतंय. मी चांगलीच बोलले. टाळ्या फक्त मैत्रेयीने वाजवल्या.

पाच जणींनी एकमेकींकडे बघितलं. खिचडीचा एक घासही कुणी खाल्ला नाही. बशा खाली ठेवल्या, मला नमस्कार केला आणि गेल्या. एकट्या संतोषने आपली खिचडी पदरात बांधून घेतली आणि म्हणाली, मुलाला देईन. म्हणजे माझ्या हातचं खाण्याएवढाही त्यांचा विश्वास उरला नाही. सगळं फिसकटलं. सुधाकर म्हणाला, "घूंघटाचं आज नसतं काढलंस तर बरं झालं असतं." मी म्हटलं, तू गप्प राहण्याचं शिक्षण मला देऊ नकोस.

२१ ऑक्टोबर, सोमवार. दसरा.

दसरा असून घरात उत्साह नाही. सुधाकर परवापासून आळसावलाय. काल कारखान्यातून लवकर आला आणि पंखा लावून पडला. आज सकाळी मैत्रेयी कागदाची आपट्याची पानं कापून सोनं द्यायला गेली तर याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. उजेड नको म्हणतो. डोळे दुखतात म्हणतो. कंबरही दुखते म्हणे. मी भाषण लिहायला बसले की याला नेहमीच काहीतरी होतं, नाहीतर मी ते वाचून दाखवीन ना.

भाषण मात्र उत्तम झालंय. पानं चौदा. पाच जणी आल्या नाहीत तरी मी बोलणार. ठराव हरला तरी दफ्तरात माझं म्हणणं राहील आणि पुढे ज्याला वाचायचं तो वाचेल. मी माघार घेणाऱ्यांतली नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे.

दुपारी संतोष एकटीच घरी आली, भाषण वाचून घ्यायला म्हणून. सुधाकर आतल्या खोलीत होता. पाणी मागायला दाराशी आला, तशी तिने घूंघट ओढला. तो परत वळला आणि ती मला म्हणाली, "दीदी, भाईसाब की आँखें देखीं तुमने? और हाथ?"

मी नव्हते बघितले. शर्टाची बाही वर केली तर कोपरापर्यंत लाल ठिपके. विचारलं तर म्हणतो, सकाळी दात घासताना रक्त आलं होतं, तू लिहीत होतीस. हे सगळं माझ्या पत्रकात आहे. पाचशे घरांत मी ते माझ्या हाताने दिलंय.

संतोषने रस्त्यावर जाऊन टेम्पो थांबवला. दिल्लीत तिसऱ्या इस्पितळात घेतलं, खाट नाही, जमिनीवर गादी. मैत्रेयी संतोषकडे आहे. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

रक्ताची पिशवी मिळाली. कारखान्यातली दोन मुलं देऊन गेली. सुधाकर झोपेत सांगलीतल्या कुणाशी तरी बोलतो. इथे दोन माणसांमध्ये पाऊल टाकायला जागा नाही. गाझियाबादची, मेरठची, कुठकुठची माणसं आलीत, कारण त्यांच्या गावात वीस खाटा नाहीत. मला भीती वाटते. आजवर कुठल्याही गोष्टीला मी भीती म्हटलेलं नाही, पण ही तीच आहे.

उद्या बैठक. सुधाकर शुद्धीवर आला तेव्हा म्हणाला, जा. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "लतिका, मी कुठे पळून जात नाहीये." मी तरी नाहीच म्हटलं. भाषण पर्समध्ये आहे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

गेले नाही. दिवसभर त्याच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं. अकरा वाजता बैठक सुरू झाली असेल. बारापर्यंत द्वार मंजूर झालं असेल. होऊ दे. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडीन, त्याच्या पुढच्याही.

२७ ऑक्टोबर, रविवार

सुधाकरचा धोका टळला, असं डॉक्टर सकाळी म्हणाले. मी व्हरांड्यातच रडले, लोक बघत होते तरी.

दुपारी संतोष मैत्रेयीला घेऊन आली आणि मला आवारातल्या कडुनिंबाखाली बसवून तिने शुक्रवारचं सगळं सांगितलं. ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

माझ्या सेक्टरवाल्यांनी दुरुस्ती मांडली, द्वाराऐवजी दवाखाना. तिघांचे हात वर झाले. चेअरमन उठायच्या बेतात होते. तेवढ्यात बाकावरून संतोषचा हात वर गेला. मग उरलेल्या चौघींचे. धरमवीर चेअरमनना म्हणाला, चुकून झालं असेल. चेअरमन म्हणाले, खाली घ्यायला सांग. आता सांगणार कसं? मोठ्या भावासमोर बायकोशी बोलायचं नाही. त्याने भिंतीकडे बघून सांगितलं, हात खाली. हात खाली आला नाही. उठून जाऊन हात धरावा, तर मोठ्यांसमोर बायकोला शिवायचं नाही. पाचही नवरे चेअरमनचे धाकटे भाऊ नाहीतर पुतणे. सगळे आपापल्या खुर्चीत खिळून बसले. आणि चेअरमननी स्वतः म्हणावं, तर सुनेशी ते बोलणार कसे? ते छताकडे बघत राहिले. मुख्याधिकारी गोरखपूरचे, ते कुणाचेच दीर नाहीत. त्यांनी हात मोजले. आठ विरुद्ध सहा. ठराव तिथल्या तिथे लिहूनही काढला.

माझं तोंड उघडंच राहिलं. म्हटलं, पण भोंडल्याला तुम्ही रागावून गेलात ना? ती हसली. म्हणाली, खिचडीत रोजचं मीठ होतं, उपासाला आमच्याकडे सैंधवच चालतं, रागवायचं काय त्यात? मत तर आमचं शेजारची सून गेली त्याच रात्री ठरलं होतं.

मी विचारलं, आणि घूंघट? तेव्हा ती म्हणाली, "दीदी, तुम घूँघट उतरवा रही थीं। उतार देती तो जेठजी मुझसे बात कर लेते। फिर मैं ना कैसे करती?"

मला पर्समधलं भाषण आठवलं. चौदा पानांत हे कुठेच नव्हतं.

घरी गेल्यावर काय झालं ते मात्र तिने सांगितलं नाही. दोनदा विचारलं, दोनदा तिने मैत्रेयीचे केस नीट केले.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

सुधाकरला घरी आणलं. दारातच नोटीस पडलेली.

चेअरमनसाहेब एका आठवड्यात समाजसुधारक झाले आहेत. मतदान संशयास्पद आहे, चेहरे न दिसल्याने घूंघटाआड खरोखर सभासदच होत्या की दुसरं कुणी, हे सांगता येत नाही. सबब पाच नोव्हेंबरला पुन्हा मतदान, आणि नारीशक्तीच्या उन्नतीसाठी सर्व महिला सभासदांनी उघड्या चेहऱ्याने बसावं. स्थानिक पेपरात फोटोसकट कौतुक छापून आलंय.

डाव साधा आहे. उघड्या तोंडाने सुना सभेत पाठवायला एकही घर तयार होणार नाही. बाक रिकामा राहील, मी एकटी हात वर करीन आणि द्वार उभं राहील. सहा महिन्यांपूर्वी ही नोटीस निघाली असती तर मी पेढे वाटले असते. आज फाडून टाकावीशी वाटली. जपून ठेवली, कारण तिच्यावर मुख्याधिकाऱ्यांची सही नाही.

त्यांना जाऊन विचारलं. घाम पुसत म्हणाले, नियमात चेहऱ्याबद्दल काही नाही, चेअरमननी सभेत स्वतः आदेश दिला तरच मला अंमल करावा लागेल. मग संतोषकडे गेले आणि या खेपेला भाषण न करता विचारलं, काय करायचं? तिने पेटीतून सहा ओढण्या काढल्या. सगळ्या पिवळ्या, एकाच छापाच्या.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मैत्रेयीने माझी ओढणी पिनांनी बसवली. सुधाकर उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "तुझं तोंड बंद बघायला एवढं आजारी पडावं लागलं." बरा होतोय.

गावठाणातून आम्ही सहा जणी चालत निघालो. समोरचं काही दिसत नाही, फक्त स्वतःची पावलं. संतोषने कोपर धरलं होतं. कचेरीच्या पायरीवर मी धडपडले, तेव्हा कुठूनतरी हसू आलं. चौघींपैकीच कुणीतरी. बाकावर बसलो, ओळीने, सारख्या पिवळ्या, बांगड्यासुद्धा सारख्या. माझं मंगळसूत्र आणि चपला संतोषच्या घरी होत्या. माझी खुर्ची रिकामी.

चेअरमन आले आणि थबकले. मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, घूंघटाबाबत आपण आदेश देता का, म्हणजे मी लिहून घेतो? सभागृहात गावठाणातली म्हातारी माणसं मुद्दाम येऊन बसली होती. त्यांच्यादेखत, घरच्या सुनांना, तोंडं उघडा म्हणायचं. चेअरमननी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांना मार्ग सुचला. मी तर बाहेरची. माझ्याशी बोलता येतं, माझ्याशी भांडता येतं, मला चिडवून बोलायला लावलं की सभा उधळता येते. पण सहांतली मी कुठली?

त्यांनी ओळीवर नजर फिरवली. चौदा पानं माझ्या घशाशी आली होती. ते मधल्या एकीकडे बोट करून सरळ म्हणाले, "मैडम, आप तो पढ़ी-लिखी हैं, आप भी यह तमाशा करेंगी? घूँघट हटाइए।"

तिने घूंघट आणखी चार बोटं खाली ओढला आणि त्यांच्याकडे पाठ केली. खुर्चीतून धरमवीर उभा राहिला.

"भाईजी, ये संतोष है।"

कुणी हसलं नाही. एक म्हातारा काठी टेकत उठून बाहेर गेला, मग दुसरा. चेअरमननी मान खाली घातली आणि टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. मुख्याधिकाऱ्यांनी ठराव पुन्हा वाचला. बाकावरून सहा हात वर गेले. धरमवीर अजून उभाच होता. त्याने एकदा चेअरमनकडे बघितलं, एकदा बाकाकडे, आणि मोजणी होईपर्यंत तो बसला नाही.

नऊ मतं. दवाखाना मंजूर. मी अख्ख्या बैठकीत एक शब्द बोलले नाही.